एकाच ताग्यातले पाच तुकडे

चौथी गोळी लक्ष्याच्या फळीला चुकवून फळीच्या खांबात शिरली, आणि शिंप्याने बंदुकीकडे असे पाहिले, जणू तिनेच दगा दिला होता.

दगा बंदुकीचा नव्हता. ठासणीची बंदूक हे मोठे प्रामाणिक यंत्र आहे; तिच्या तोंडी जे घालावे, त्याचाच ती जबाब देते. आधी दारू, मग कापडाच्या तुकड्यावर बसवलेली गोळी, आणि वरून गजाचा दाब. ते कापड नळीतल्या पिळाच्या खाचांत घट्ट धरते आणि गोळीला फिरकी देते. यात गूढ असे काही नाही. तरीही गेले सहा आठवडे शिंप्याच्या गोळ्या रुसलेल्या पाहुण्यांसारख्या वाटेल त्या दिशेने निघून जात होत्या. उपाय करण्यात त्याने कसूर केली नव्हती. दारू वाढवली, मग घटवली. श्वास रोखून पाहिला, मग सोडून पाहिला. सकाळचा चहा बंद केला. त्याने गिऱ्हाइकांशी भांडणे तेवढी वाढली.

मुदत आज दुपारी संपणार होती. रविवारच्या सामन्यासाठी संघात एकच जागा उरली होती, आणि संघाची जाकिटे चौदा वर्षे शिवूनही शिंप्याने त्यांतले एकही स्वतःच्या अंगावर घातले नव्हते. संघाचा प्रमुख त्याचा मेहुणा, पेशाने मोजणीदार. पाचांपैकी तीन गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या तर जागा शिंप्याची, नाहीतर दातांच्या डॉक्टरांची, असे त्याने बजावले होते. डॉक्टरांच्या तीन गोळ्या काळ्यात होत्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. बहिणीच्या नवऱ्याला सवलत देणे मेहुण्याच्या तत्त्वात बसत नव्हते. टोमणे मारणे मात्र बसत होते.

"जावईबापू, लक्ष्यापुढेच खुर्ची टाकून बसतो म्हणतो," तो म्हणाला. "आज मैदानात तेवढीच एक जागा सुरक्षित दिसतेय."

दुकानाची किल्ली न्यायला आलेली शिंप्याची बायको भावाच्या या विनोदावर हसली नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे पाहत होती. पाचव्या बाराची दारू भरून झाल्यावर त्याने खिशातून कात्रण काढले. ते सुटाचे जाड कापड होते. चौथे कात्रण तलम सुती होते, आणि तिसरे, तिला पक्के आठवत होते, कुणाच्या तरी कोटाच्या अस्तराचे.

"अहो," ती म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या एका कोटाला पाच तऱ्हेची कापडं लावली असतीत का तुम्ही?"

शिंप्याचा हात थांबला. एका सदऱ्याच्या दोन बाह्या दोन निरनिराळ्या ताग्यांतून त्याने जन्मात कापल्या नव्हत्या. दोघी बहिणींचे एकसारखे झगे एका धुण्यात निरनिराळे विटतील म्हणून त्याने एकदा सगळे काम परत केले होते. आणि तोच माणूस सहा आठवडे दुकानातल्या चिंध्या हाताला लागतील तशा नळीत कोंबत होता. कारण शिवणे हे काम होते आणि नेमबाजी ही हौस, आणि हौसेलाही कात्री सारखीच चालवावी लागते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

ती पाचवी गोळी त्याने लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात सोडून दिली आणि मेहुण्याकडे एक तास मागितला. मुदत दुपारपर्यंत आहे, त्याआधी काय करायचे ते करा, असे उत्तर मिळाले.

तो परतला तेव्हा त्याच्याजवळ उशीच्या खोळीच्या घट्ट विणीच्या कापडाचे पाच तुकडे होते, एकाच ताग्यातले, एकाच साच्याने कापलेले. प्रत्येकाला मोजून तेल लावले होते. गोळी दर वेळी तेवढीच खोल बसावी म्हणून गजावर त्याने कापडावर मारतात तशी खडूची रेघ मारली. प्रत्येक बारानंतर नळी पुसली. पाच बार झाले. मेहुणा चालत जाऊन लक्ष्याचा कागद घेऊन आला.

"काळ्यात एकही नाही," तो म्हणाला. "शून्य."

पाचही भोके पांढऱ्यावर होती, मध्यबिंदूच्या उंचीवर खरी, पण चार बोटे डावीकडे. आणि एकमेकांना अशी चिकटलेली, की कोटाच्या एका बटणाखाली सगळी झाकली असती. शिंप्याने वाद घातला नाही. तो गज पुसू लागला, मग बंदुकीची गवसणी शोधू लागला. बायकोने ती त्याच्या हातात दिली.

मेहुणा बाकावर बसून मोजत होता. भोकांपासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर त्याने एकदा मोजले. भोकांमधले अंतर तीनदा मोजले. मग खिशातून संघाची यादी काढून त्याने शेवटच्या रिकाम्या ओळीत एक नाव लिहिले.

"लिही बाबा, डॉक्टरांचं लिही," बहीण म्हणाली.

त्याने कागद तिच्यापुढे धरला. नाव शिंप्याचे होते.

"अरे दादा, पण शून्य ना?"

मेहुण्याने शिंप्याच्या हातून बंदूक घेतली. नळीच्या टोकाशी रोख धरण्यासाठी जी बारीकशी माशी असते, ती त्याने छोट्या हातोडीने केसभर डावीकडे सरकवली, म्हणजे गोळ्या तेवढ्याच उजवीकडे जाव्यात, आणि बंदूक पुन्हा शिंप्याच्या हाती दिली.

"नेम चुकलाय गं," तो म्हणाला. "मोडलेला नाही."