दोन पेसेटा

बारा वर्षं घड्याळजी एकाच नाण्याच्या मागे होता. स्पेनचं, १९०५ सालचं, चांदीचं, दोन पेसेटांचं. आणि आज तेच नाणं रुमालात गुंडाळून शेजारचा चष्मेवाला त्याच्या दुकानात आला. याला नाण्यांचा नाद लागून जेमतेम वर्ष झालं होतं!

“जुन्या बाजारात मिळालं. खरं आहे का रे? तुझ्याशिवाय विचारणार कोणाला?”

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. पोरसवदा राजाचा चेहरा, कडेच्या बारीक रेघा, सगळं चोख. तराजूवर ठेवलं, तर बरोबर दहा ग्रॅम. त्याच्या पोटात दुखायला लागलं. जोडे आपण झिजवायचे आणि याला मात्र आयतं ताटात!

“खोटं आहे,” तो म्हणाला. “वरून नुसता चांदीचा मुलामा. फसवलं तुला.”

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. ते पाहून घड्याळजीला जरा गार वाटलं.

“बरं झालं बाबा, आधी तुलाच दाखवलं,” चष्मेवाला नाणं पुन्हा रुमालात बांधत म्हणाला. “आत्ताच जाऊन परत करतो.”

“जाऊ दे रे. नाद म्हटला की असं व्हायचंच.”

“मला कसला आलाय नाद! परवा तुझा साठावा वाढदिवस ना, म्हणून वर्षभर हे एकच शोधत होतो. खोटं दिलं असतं, तर तुला तोंड कसं दाखवलं असतं?”