सरकलेलं बटण

धाकट्याने बोगद्यातून आणलेलं बिट, खडकाला भोकं पाडणारं ड्रिलचं टोक, टेबलावर ठेवलं आणि थेट कामाचंच बोलला. एरवी दादाची खोडी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दादा बिटांचे आराखडे काढायचा, धाकटा तीच बिटं मशीनला लावून खडकात ठोकायचा.

"दुसरं दे. पाळी थांबवायची नाही म्हणतात."

दादाने बिट पुसलं. तोंडावर बसवलेली कठीण धातूची गोल बटणं ठोके खाऊन झिजतात, ते ठरलेलंच. पण इथे बटणांच्या मधल्या पोलादात गोल खळगे पडले होते.

"लोखंडावर आपटलं का रे?"

"छे, समोर अख्खा खडक. पण दादा, मशीन बंद केलं तरी बिट हादरत होतं."

दादाने कागद धरून वरून पेन्सिल घासली. खळग्यांचा ठसा उमटला, तसा त्याने आपला नवा आराखडा शेजारी धरला. त्यात त्याच्याकडून एक बटण चुकून मध्याकडे सरकलं होतं. तीच चूक ठशात होती, फक्त आरशातल्यासारखी उलटी, जणू त्या आराखड्याचं बिट खडकाच्या आतून समोरासमोर ठोकत होतं.

त्या आराखड्याचं एकच बिट घडवलं होतं. चूक कळताच त्याने ते कपाटात टाकून कुलूप घातलं होतं. त्या बिटाने खडक पाहिलाच नव्हता.

कुलूप शाबूत होतं. कपाटात बिटही जागेवर होतं, पण त्याची बटणं झिजून सपाट झाली होती.

धाकट्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"दादा, हे अजून गरम आहे."