पहिल्या नंबरचं गाणं

लातूरच्या गंजगोलाईतल्या कॅसेटच्या दुकानात पुन्हा तेच गाणं लागलं, तशी उमादेवी भाजीची पिशवी घेऊन शेजारच्या बांगडीवाल्यासमोर उगाच थांबली. बांगड्या घ्यायच्या नव्हत्या. गाणं संपेपर्यंत उभं राहायला निमित्त हवं होतं.

त्या सालात एका शब्दाच्या नावाच्या गाण्यांचं पेव फुटलं होतं. गिऱ्हाइकाने नुसता एक शब्द बोलायचा, दुकानदाराने कॅसेट काढून द्यायची. त्या सगळ्यांत 'सिंधु' वरचढ. रेडिओवर दर आठवड्याला लोकांच्या पसंतीची गाणी लागत. खालचे नंबर बदलत, पहिला हलत नसे. लातूर जिल्हा झाला त्या मिरवणुकीत बँडवाल्यांनी तेच वाजवलं. पुढे पावसाने दडी मारली, तेव्हा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन बसलेल्या बायाही तेच गुणगुणायच्या.

गाणारा उदगीरचा विरूपाक्ष. आणि उमादेवीचं माहेरचं नाव सिंधु.

सासरी आल्यावर तांदळात अंगठीने लिहून तिची उमादेवी झाली. लातुरात सिंधु कुणाला ठाऊक नव्हती. उदगिरात होती. शाळेच्या गॅदरिंगला विरूपाक्ष गायला, तो तुझ्याकडे बघूनच गायला, असं मैत्रीण चांगुणाने तिला शपथेवर सांगितलं होतं. दोघांत कधी चार शब्द झाले नाहीत. तो गाणं शिकायला हैदराबादला गेला, तिचं लग्न मडिवाळप्पाशी झालं. संपलं. संपलं असं तिला वाटलं होतं, गाणं येईपर्यंत.

मडिवाळप्पा कलेक्टर कचेरीत टँकरच्या खेपा लावायचा. जिल्हा नवा, माणसं थोडी, दुष्काळ दांडगा. दिवसदिवस गावं पालथी घालून तो धुळीने माखून घरी येई, हातपाय धुऊन गुपचूप जेवी. बोलणं मुळातच कमी. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. त्याच्यावर राग धरावा तर कारण सापडत नसे, आणि जीव लावावा तर तो आधीच दुसरीकडे गुंतलेला.

गाण्यात एक ओळ होती : पाठ फिरवून उभी तू, मी वेणीशीच बोलतो. ती ओळ आली की उमादेवीला शाळेचं फाटक दिसे. शेवटच्या दिवशी विरूपाक्ष समोरून आला आणि लाजून ती पाठमोरी झाली होती. एवढीशी गोष्ट, पण त्याने जपून ठेवली. परातीत थापलेली भाकरी तशीच राही, तव्यातून धूर निघू लागे.

मडिवाळप्पाने रेडिओ आणला. गाणं लागलं की तो आवाज वाढवायचा. एकदा त्याने विचारलं, "गाणं कसं हाय?"

"बरं हाय," तिने वळून न बघता सांगितलं.

"नुसतं बरं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याच्यादेखत ते गाणं ऐकताना तिला चोरी पकडल्यासारखं होई. मग ती उठून रेडिओ बंद करू लागली. तो करू द्यायचा. भांडण नाही, तंटा नाही. घर तसं शांत होतं.

लागोपाठच्या कोरड्या उन्हाळ्यांनी विहिरींचे तळ उघडे पडले. गावोगावचं मिळेल ते पाणी पिऊन मडिवाळप्पाला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. दवाखान्यात उमादेवी त्याच्या उशाशी बसून राहिली. सेवेत तिने कसूर केली नाही. उसाचा रस गाळून पाजला, अंग पुसलं. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या रेडिओत तेच गाणं लागलं. ती बंद करायला सांगायला उठली, तर त्याने तिचं मनगट धरलं. चारचौघांत त्याने तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

"आज राहू दे," तो म्हणाला.

ती बसली. डोळे भरून आले होते. ते कुणासाठी भरले हे त्याला दिसू नये म्हणून तिने खिडकीकडे तोंड केलं, आणि गाणं संपेपर्यंत वळली नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

लोक म्हणाले, मडिवाळप्पाची बायको घट्ट काळजाची. ती काय सांगणार? रडायला बसलं की तिला स्वतःच्याच रडण्याचा भरवसा वाटेना.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी दार वाजलं. दारात विरूपाक्ष. केस पिकलेले, अंगात रेशमी सदरा. उमादेवीने विभूतीच्या कपाळावर पदर ओढला. हा दिवस तिने किती वेळा मनात घोळवला होता. आता उशीर झाला, तुम्ही परत जा, असं सांगायचं तिने कधीचंच ठरवून ठेवलं होतं.

त्याने मडिवाळप्पा घरी आहेत का विचारलं. तिने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. तो उंबऱ्यातच बसला. तिने पाणी दिलं, ते हातातच राहिलं. सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे टिपले. परक्या माणसासाठी कुणी एवढं रडत नाही, हे तिच्या ध्यानात आलं, पण अर्थ लागेना.

"ते गाणं," ती कशीबशी म्हणाली, "मी लई ऐकलंय."

"ऐकणारच की. शब्द त्यांचेच हायत, वहिनी. जिल्हा व्हायच्या आधी कामाने उदगीरला यायचे, तेव्हा आमच्या ओट्यावर बसून एकेक ओळ सांगायचे. मी नुसती चाल लावली. नाव लावू का म्हटलं, तर नको म्हणाले. दुसरं गाणं देतो म्हणाले होते, म्हणून आलो."

त्याने हातातलं पाणी खाली ठेवलं. मग संकोचून म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. ही सिंधु कोण, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय का?"