चौथी कंपनी

चांगुणाने मोबाइलच्या दुकानात काउंटरवर तीन कंपन्यांची तीन सिमकार्डं ठेवली. "मुबीनभाऊ, एकावरूनही त्यांचा फोन लागत नाही. समुद्रात लांबवर रेंज जाईल अशी कंपनी द्या."

पहिलं कार्ड मुबीननेच हमी देऊन विकलं होतं. तेव्हा तिच्या नवऱ्याच्या बोटीला नुसता उशीर झाला होता. आता त्या बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागूनही महिना उलटला होता.

आज त्याने धीर केला. "वहिनी, खोट कंपनीत नाही..."

"मला काय कळत नाही होय? पण सासूबाई म्हणतात, तूच चुकीची कंपनी घेतेस. त्यांच्या लेखी मुलगा अजून नुसता रेंजबाहेर आहे."

मुबीनने खणातून चौथं कार्ड काढलं. "ही शेवटची कंपनी."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "मग हे राहू द्या तुमच्याकडेच. सासूबाईंना सांगायला एक कंपनी बाकी हवी."