चारच घड्याळं

चेंडू काखेत मारून पळणाऱ्याने, पुढे राहून त्याची वाट मोकळी करणाऱ्या पाचही धिप्पाड गड्यांना मोसमाअखेर भेट द्यायची, ही अमेरिकन फुटबॉलमधली रीतच. टेक्सासच्या कॉलेजात क्वेंटनने मात्र चारच घड्याळं वाटली. पाचवा गडी वेंडेल सगळ्यांदेखत हात हलवत परतला. तेव्हापासून त्याने मनगट उघडंच ठेवलं होतं.

यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, क्वेंटनला नेमकं वेंडेलच्याच व्यावसायिक संघाने उचललं.

"पोराचं भवितव्य काय वाटतं?" पत्रकारांनी विचारलं.

"माझ्या मागून पळणार आहे ना? मग बघाच," वेंडेल गालातल्या गालात हसला.

ऑगस्टमधल्या पहिल्याच सराव सामन्यात क्वेंटनच्या हाती चेंडू आला आणि वेंडेल अलगद बाजूला सरकला. समोरच्या संघाचे चार रेड्यांसारखे गडी त्या खिंडारातून आत घुसले. क्वेंटन जणू त्याचीच वाट बघत होता. तो झटक्यात उलट्या बाजूला वळला आणि मोकळ्या मैदानातून थेट शेवटची रेषा ओलांडून गेला.

"काय हूल दिलीस रे, वेंडेल!" कोच आनंदाने ओरडले.



परत येताना क्वेंटन वेंडेलच्या कानात कुजबुजला, "कॉलेजातही दोनदा असाच सरकला होतास, जाड्या. घड्याळं चारच का होती, ते कळलं ना आता?"