कोमट सलाईन

कोळंबीच्या शीतगृहात पाच तास कोंडला गेलेला सुगंधाचा नवरा ॲम्ब्युलन्समध्ये ऊब धरायला लागला, आणि नेमकी तेव्हाच नाडी बुडायला लागली.

"ऊब आली की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाला रक्त पुरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सलाईन हवं, पण कोमट. गार गेलं तर हृदय बंद पडेल." बाटल्या एसीने गारठलेल्या.

सुगंधाने एक पोटाशी कवटाळली. पण दिवसभर बर्फात कोळंबी सोलून ती स्वतःच गारठलेली.

समोर मॅनेजर बसला होता. आत कोणी आहे का न बघता यानेच शीतगृहाला कुलूप ठोकलेलं. "डॉक्टर, रिपोर्टात कंपनीचं नाव नका लिहू हां."

सुगंधाने त्याचा शर्ट वर खेचला, बाटली ढेरीवर दाबली. तो किंचाळला.

"धर मुकाट, भाड्या! तो जगला तरच तू जगशील."