गाडीची किल्ली

जन्मभर बस चालवलेले बाबा गाडीची किल्ली मागितली की लेकीवरसुद्धा डाफरत. चहाच्या मळ्यांमधून, दाट धुक्यातून त्यांनीच सगळ्यांना डोंगरमाथ्यावर आणलं. कठड्यापाशी उभी राहून आई धुक्याच्या नावाने खडे फोडत होती. “एवढं लांब येऊन दिसतंय काय, तर कप्पाळ!” तेवढ्यात वारा सुटला, धुकं सरकलं आणि हिरवेगार मळे उन्हात लख्ख दिसू लागले. नातवंडं फोटो काढायला धावली. दरीकडे बघत बाबा म्हणाले, “कार्टी उगाच धावताहेत. आधी धुकं तर हटू दे!” आईला क्षणभर थट्टाच वाटली. मग तिला येतानाचं एकेक वळण आठवलं. “आज काही धुकं हटायचं नाही हो,” भर उन्हात ती म्हणाली. “परतताना पोरगी चालवेल. किल्ली द्या.” बाबा डाफरले नाहीत. त्यांनी निमूटपणे खिशातली किल्ली तिच्या हातावर ठेवली.